पानाला दशा

राजेशम वंगारींना वेबसाइट हवी होती.
टॉवेल, नॅपकिन, चादरी. अक्कलकोट रोडला सोळा माग.
कन्ना चौकात, झेरॉक्सच्या वरच्या माझ्या खोलीत
कूलर खाकरत होता, पाणी संपून तास झाला होता,
आणि त्यांनी खिशातून कुणाची तरी लग्नपत्रिका काढली.
पत्रिकेच्या पाठीवर यादी:
मोर नाचला पाहिजे.
अक्षरं उजवीकडून पळत आली पाहिजेत.
सनई.
वडिलांचा फोटो, हारासकट, सगळ्यात वर.
"आणि आपले एकशे चौदा शेड हायत, मॅडम,
एक पण सुटायचा नाही."

मी हल्लीचं सांगू लागले.
हल्ली पांढऱ्यावर राखाडी चालतं, अक्षर बारीक,
हल्ली मोकळी जागा म्हणजे ऐपत,
हल्ली पान संपतच नाही, बोट ओढत राहायचं.
ऐकता ऐकता त्यांनी खिडकीच्या पडद्याचं टोक
दोन बोटांत चोळलं.
"सुरतचा," म्हणाले.
मग, "मोकळ्या जागेचे पैसे घेणार?"
"घेणार."
ते हसले नाहीत.

शेवटी थोडं त्यांचं, थोडं हल्लीचं
असं काहीतरी विणलं मी.
चोवीस इंची पडद्यावर, दार लावून, अंधारात
मोर इतका देखणा दिसला
की मीच दोनदा नाचवला.

कारखान्यात पोशव्वा बसते दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात.
चादरींच्या दशांना गाठी मारते. चष्मा दोऱ्याने बांधलेला.
वंगारींनी तिलाच सांगितलं, फोन काढ, बघ आपलं दुकान.
तिच्या फोनची काच तडकलेली,
कोपऱ्यातून कोपऱ्यात, हाताच्या रेषेसारखी.
गोल फिरत राहिलं काहीतरी. ती थांबली.
मग फोन मांडीवर ठेवला आणि कामाला लागली.
मोर उतरेपर्यंत
अकरा गाठी झाल्या.
ती तेलुगूत मोजते, मी बोटांवर मोजल्या.

राखाडी अक्षरं तिला दिसलीच नाहीत.
"कोरं हाय की," म्हणाली.
फोटोतल्या म्हाताऱ्या मालकांना तिने
दाबून बघितलं, दार असेल म्हणून.
ते उघडले नाहीत.
ती अंगठा ओढत गेली, ओढत गेली,
टॉवेल, टॉवेल, टॉवेल,
आणि एकदम विचारलं,
"हे संपायलंय कुठं?"

मला उत्तर आलं नाही.
"चादर कशी, अंधारात पण हात लागला
की कळतं, आलो टोकाला."
असं म्हणून तिने माझ्या हातात
एक टोक दिलं. बिनगाठीचं अजून.

त्या रात्री मी मोर कापला.
सनई कापली, तिचं वाईट नाही वाटलं.
अक्षरं कोळशासारखी काळी केली,
बटण अंगठ्याएवढं, तेही पोशव्वाच्या अंगठ्याएवढं,
फोन नंबर वर, जिथे मालकांचा हार होता.
एकशे चौदामधले सहा शेड दाखवले,
बाकीचे विचारा म्हटलं; विचारायला माणूस आहे.
मोकळी जागा ठेवली, पण कपड्यात ठेवतात तशी,
काठ उठून दिसावा म्हणून.
आणि पान संपवलं.
खाली ओळीने दोरे सोडले, प्रत्येकाला गाठ,
गाठींच्या वर म्हातारे मालक, लहान,
गल्ल्यावर बसल्यासारखे.

वंगारींनी बराच वेळ वर-खाली केलं.
वडिलांपाशी थांबले. काच पुसली शर्टाने.
"खाली बसवलाव," म्हणाले.
"येणारा प्रत्येक जण शेवटी त्यांच्यापाशीच पोचतो," मी म्हटलं.
हे खरं नाही, हे मला ठाऊक आहे.
निम्मे लोक वरूनच परत जातात.

पोशव्वाने पुन्हा फोन मांडीवर ठेवला.
दोरा उचलला, पीळ दिला,
गाठ बसायच्या आत पान आलं होतं.
अर्धी.
तिने ती गाठ तशीच हातात धरून
पान खालपर्यंत नेलं, दशांवरून अंगठा फिरवला,
आणि वंगारींना तेलुगूत काही म्हणाली.

"काय म्हणाली?"
"तिसरी गाठ सैल हाय म्हणते."

नीट करायची आहे अजून.
मोराचं मात्र ते दर दिवाळीला विचारतात.